पाद्री, फादर, वडील : मत्तय 23 आणि आपली हाक

(वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी एकाच विषयावरचे पाच प्रश्न घेतले आहेत. पत्रे सोलापूर शहरातून आली आहेत.)

प्रश्न : आम्ही प्रॉटेस्टंट. माझ्या नणंदेच्या सासरचे कॅथलिक आहेत. साखरपुड्याला तिकडचे धर्मगुरू आले, तेव्हा मी त्यांना ‘फादर’ म्हटलं. त्यावर आमच्या मामांनी सगळ्यांसमोर बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 23:9 (अध्याय 23, ओवी 9) काढलं : ‘पृथ्वीवर कोणाला आपला पिता म्हणू नका.’ म्हणाले, ‘फादर म्हणणं पाप आहे, पाद्रीसाहेब म्हण.’ मामांचं बरोबर आहे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : मामांच्या सल्ल्यात एक गंमत आहे. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून मराठीत आला आणि पाद्रे म्हणजे बाप. म्हणजे फादर टाळून पाद्रीसाहेब म्हटलं, तरी हाक तीच झाली, फक्त जुन्या पोर्तुगीज वाटेने आलेली. ‘वडील’चंही तसंच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कारभार पाहणाऱ्यांना आपण वडील म्हणतो, मराठी बायबलातही तोच शब्द आहे, आणि घरी जन्मदात्यालाही आपण वडीलच म्हणतो. तेव्हा नुसत्या शब्दावर बोट ठेवून हा वाद मिटायचा नाही.

ओवी सुटी न काढता मत्तय 23 च्या पहिल्या 12 ओव्या एका बैठकीत वाचा. येशू लोकसमुदायाशी आणि शिष्यांशी शास्त्री-परूश्यांबद्दल, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांबद्दल, बोलतो आहे. त्याच्या तक्रारी नेमक्या आहेत. दंडावर आणि कपाळावर बांधायच्या शास्त्रवचनांच्या डब्या ते रुंद करतात आणि वस्त्राचे गोंडे लांब ठेवतात (ओवी 5). मेजवानीत मानाची जागा आणि सभास्थानात पुढचं आसन त्यांना हवं असतं (6). बाजारात लोकांनी नमस्कार करून ‘रब्बी’ म्हणावं, हे त्यांना आवडतं (7). डब्या आणि गोंडे मोशेच्या नियमशास्त्रातलेच आहेत. गोंड्यांची आज्ञा गणना 15:38 मध्ये आहे. येशू ते काढून टाका म्हणत नाही, त्यांची लांबी-रुंदी कशासाठी वाढली ते दाखवतो. रब्बीचा मूळ अर्थ ‘माझे थोर’, आपल्याकडच्या ‘महाराज’सारखा.

आता क्रियापदं बघा, कारण घोटाळा इथेच होतो. ‘रब्बी’बद्दलची ओवी 8 आणि ‘कथेगेतेस’ म्हणजे मार्गदर्शकाबद्दलची ओवी 10 मूळ ग्रीकमध्ये कर्मणी प्रयोगात आहेत. मराठी भाषांतराने ते नेमकं पकडलं आहे : ‘म्हणवून घेऊ नका.’ हा रोख हाक मारणाऱ्यावर नाही, हाक ऐकायला आसुसलेल्यावर आहे. मधली ओवी 9 तेवढी कर्तरी आहे, ‘म्हणू नका’, आणि ती हाक मारणाऱ्याला लागू होते. म्हणून मामांनी तीच उचलली, त्यात नवल नाही. पण ती दोन ‘म्हणवून घेऊ नका’च्या मधे आहे, हे सुटलं की अर्थ एकांगी होतो.

प्रश्न : मग प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत स्वतःला बाप म्हटलंच आहे, असं सांगून कॅथलिक मंडळी विषय संपवतात. तसं असेल तर येशूच्या आज्ञेला अर्थ काय उरला? (रेल्वे लाईन्स)

उत्तर : पौलाचा दाखला खरा आहे. 1 करिंथ 4:15 मध्ये तो म्हणतो की गुरू तुम्हाला हजारो असतील, पण सुवार्तेच्या द्वारे मी तुम्हाला जन्म दिला. फिलेमोनाच्या पत्रात (ओवी 10) पौल अनेसिमाला बंदिवासात झालेला आपला मुलगा म्हणतो, तोही विश्वासाच्या नात्याने. स्तेफन न्यायसभेपुढे बोलायला उभा राहतो तो ‘बंधूंनो आणि वडिलांनो’ असं म्हणत (प्रेषितांची कृत्ये 7:2). जुन्या करारात एलीया वर घेतला जाताना अलीशा ‘माझ्या बापा, माझ्या बापा’ असा आक्रोश करतो (2 राजे 2:12). आईबापाचा मान राख, ही आज्ञा तर येशू स्वतः मार्क 7 मध्ये परूश्यांना सुनावतो. म्हणजे ‘पिता’ या शब्दावर सरसकट बंदी आहे, हा अर्थ नव्या कराराच्या लेखकांनीच धरलेला नाही.

पण इथे थांबणंही घाईचं. पौल स्वतःला बाप म्हणतो ते नातं सांगायला. पत्राच्या सुरुवातीला तो ‘पिता पौल’ असं लिहीत नाही, ‘प्रेषित’ किंवा ‘दास’ लिहितो. दिमिष्कातला शिष्य हनन्या त्याला ‘शौल भाऊ’ म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 9:17; शौल हे पौलाचंच दुसरं नाव). पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (3:15) तो ‘आपला प्रिय बंधू पौल’ आहे, आणि पहिल्या पत्रात (5:1) पेत्र इतर वडिलांना उपदेश करताना स्वतःला त्यांच्या जोडीचा वडील म्हणवतो. नातं सांगणं आणि नावापुढे पदवी लावणं यात फरक आहे, ही प्रॉटेस्टंट बाजू इथे वजनदार ठरते. स्तेफनाची हाक मात्र सरळ हाकच आहे, हे त्या बाजूने विसरू नये.

हा पेच जुना आहे. मठांत एकमेकांना ‘पिता’ कसं म्हणतात, हा प्रश्न बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने चौथ्या शतकाच्या अखेरीस मत्तयावर भाष्य लिहितानाच घेतला होता. एक निसर्गाने पिता, दुसरा मायेने म्हटलेला, अशा धर्तीवर त्याने वाट काढली. आमच्या मते येशूचं बोलणं इथे ‘उजवा डोळा उपटून टाक’ (मत्तय 5:29) या जातीचं आहे : मुद्दा मनात रुतावा म्हणून टोकाला नेलेलं. ते अक्षरशः पाळलं तर शाळेतल्या गुरुजींना हाक मारायची सोय राहत नाही. ‘डॉक्टर’ही जातो, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिकवणारा. आणि नुसता अलंकार म्हणून सोडून दिलं तर ओवी 8 मधलं ‘तुम्ही सर्व भाऊ आहात’ हे कारणच वाया जातं. जी हाक ऐकून माणूस भावांच्या रांगेतून उठून वरच्या पायरीवर बसतो, ती आज्ञेत सापडते. ती फादर असेल, रेव्हरंड असेल किंवा ‘ब्रदर’सुद्धा.

प्रश्न : ‘रेव्हरंड’ हा शब्द इंग्रजी बायबलात फक्त देवासाठी आहे (स्तोत्र 111:9). मग आपल्या पाळकांना तो लावणं ही देवनिंदा नाही का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द त्या एकाच ठिकाणी आला, तो भाषांतरकारांनी निवडला म्हणून. तिथला हिब्रू शब्द ‘नोरा’, म्हणजे भय वाटावं असा. तोच शब्द अनुवाद 1:19 मध्ये भयंकर रानासाठीही आहे. रान काही पूज्य नव्हे.

‘रेव्हरंड’ लॅटिनमधून आला आहे, अर्थ ‘आदर करण्याजोगा’. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर असल्याने उदाहरण शोधावं लागत नाही : कीर्तनकारांच्या नावापुढे ‘ह.भ.प.’ लावतात, तसंच हे विशेषण. ‘अहो हभप, या’ असं कोणी म्हणत नाही. हाक ‘महाराज’ अशीच असते.

प्रश्न : मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. छापखान्याने ‘श्री. रेव्ह. डॉ. फादर’ असं सगळं एका ओळीत लावून प्रूफ पाठवलं. नीट कसं लिहावं? (साखर पेठ)

उत्तर : आधी ‘श्री.’ काढा. रेव्ह. आणि श्री. ही दोन्ही आदराची विशेषणं, एका नावाला एकच पुरे. ‘फादर’ आणि ‘रेव्ह.’ यांतलंही एक ठेवा : कॅथलिक धर्मगुरूंना मराठीत ‘फादर’ किंवा ‘फा.’, प्रॉटेस्टंट पाळकांना ‘रेव्ह.’. रेव्ह.पुढे नाव आणि आडनाव दोन्ही हवीत. ते विशेषण असल्याने नुसत्या आडनावाला लावलं की अडखळतं. ‘डॉ.’ रेव्ह.च्या नंतर येतो, आणि तो लिहिला तर शेवटी पुन्हा पीएच.डी. लिहू नका. येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) नावानंतर ‘एस. जे.’ येतं, ते छापखाना हटकून आडनावाला चिकटवतो, तेव्हा मधे स्वल्पविराम द्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती दीक्षा न झालेल्यांच्या बाबतीत. प्रचारक किंवा उपदेश करणारे गृहस्थ कितीही मान्यवर असले तरी ते ‘रेव्ह.’ नव्हेत. उलट दीक्षित पाळक महिला असतील तर त्यांनाही ‘रेव्ह.’च, वेगळं रूप नाही. निवृत्तीने पदवी जात नाही : ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी 1917 मध्ये सोडली, मराठी वाचक त्यांना आजही रेव्हरंड टिळकच म्हणतो. बिशप येणार असतील तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बिशप ‘राइट रेव्हरंड’ आणि कॅथलिक बिशप ‘मोस्ट रेव्हरंड’ लिहिले जातात. मराठी पत्रिकेत ‘बिशप’ आणि पूर्ण नाव एवढं पुरतं, आणि आमच्या कानाला तेच बरं वाटतं. ‘मॉन्सिनियर’ ही कॅथलिक धर्मगुरूंना मिळणारी मानाची पदवी लिहिण्याआधी चर्चच्या कार्यालयात विचारा. पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये ही पदवी धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंना 65 वर्षांनंतरच द्यावी असं ठरवलं, त्यामुळे तरुण धर्मगुरूंच्या नावापुढे ती सहसा चुकूनच पडलेली असते. छपाईआधी प्रूफ त्या-त्या व्यक्तीला मोबाइलवर पाठवून होकार घ्या.

प्रश्न : आमच्या तेलुगू मंडळीत पाळकांना ‘अय्यगारू’ म्हणतात. मराठी उपासनेला गेले तर तिथे ‘पाळकसाहेब’. नव्या पिढीची मुलं म्हणतात, दोन्ही बंद करा, सगळ्यांना ‘ब्रदर’ म्हणा. काय करावं? (पूर्व भाग)

उत्तर : ‘अय्या’ म्हणजे बाप किंवा स्वामी, ‘गारू’ म्हणजे आपलं ‘जी’. सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या घरांत मठाच्या स्वामींना ‘अप्पा’ म्हणतात, तोही बापच. इथल्या भाषांत वडीलधाऱ्याला मान द्यायचा तर शब्द बापाच्या घरातूनच येतो. तो तोडून इंग्रजी ‘ब्रदर’ आणला म्हणून बरोबरी येत नाही. ज्या मंडळ्यांत सगळेच ‘ब्रदर’ आहेत, तिथेही कोणत्या ब्रदरची खुर्ची पुढे मांडायची हे ठरलेलं असतं.

मुलांना एक गोष्ट मात्र दाखवा. प्रार्थनेत आपण देवाला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव’ असं एकेरीत बोलतो. मराठी बायबलात येशू ‘तो’ आहे. पाळकसाहेब मात्र ‘ते’ आणि ‘आपण’. यात देवाचा अनादर नाही, विठ्ठलालाही वारकरी ‘तू’च म्हणतात. पण ‘आपण’ ऐकायची सवय लागलेल्या माणसाला उद्या कोणी चुकून ‘तुम्ही’ म्हटलं आणि त्याचा चेहरा उतरला, तर मत्तय 23 च्या ओवी 7 मधला बाजार त्या मंडळीत भरला आहे असं समजा. ‘अय्यगारू’ तसंच ठेवा. दार उघडायला, सतरंजी घालायला, आजाऱ्याकडे जायला ते सगळ्यांबरोबर उठतात का, ते बघा. ओवी 11 मध्ये ‘सेवक’साठी ‘दियाकोनोस’ हा शब्द आहे. त्याच्यापासूनच ‘डीकन’ झाला आणि त्याचीही पुढे पदवी झालीच.