मत्स्यालयासाठी माहितीफलक आणि पाट्या डिझाइन करताना काय वेगळं बघावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की आजवर ऑफिसं, मॉल, हॉस्पिटलं यांच्या पाट्या केल्यात, आता पहिल्यांदाच एका सार्वजनिक मत्स्यालयाचं काम आलंय, टाक्यांजवळचे माहितीफलक आणि दिशा दाखवणाऱ्या पाट्या दोन्ही, तर यात नेमकं वेगळं काय असतं. मी हे काम बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. लोक तिथे मासे बघायला येतात, वाचायला येत नाहीत. तुमचा फलक वाचून माणसाने मान वर केली, परत टाकीत बघितलं आणि मघाशी न दिसलेलं काहीतरी त्याला दिसलं, तर फलकाचं काम झालं. मी प्रत्येक ओळ याच कसोटीवर घासून बघते, मजकूर पण आणि डिझाइन पण.

समुद्रघोड्याचंच घ्या. क्युरेटरकडून, म्हणजे मत्स्यालयातल्या प्राणिसंग्रहाची जबाबदारी असलेल्या तज्ज्ञाकडून, मजकूर येतो तो साधारण असा असतो, 'समुद्रघोडा हा सिन्ग्नॅथिडी कुळातील अस्थिमत्स्य असून उष्ण व समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ भागात आढळतो'. यात चूक काहीच नाही, पण हे वाचून टाकीत काय बघायचं ते कळत नाही. मी त्याचं असं करते: 'शेपूट बघा. कशाला तरी गुंडाळलेली दिसेल, कारण हा पोहण्यात अगदी कच्चा आहे. ज्याचं पोट फुगलंय तो नर. अंडी तोच पोटाच्या पिशवीत सांभाळतो.' आता वाचणारा पोट फुगलेला समुद्रघोडा शोधायला लागतो आणि दोन मिनिटं तिथेच थांबतो. क्लाउनफिशचं पण तसंच, 'समुद्रफुलातला सगळ्यात मोठा मासा शोधा, ती मादी, ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो' एवढं लिहिलं की काम झालं. कुळ, आढळ, खाणं वगैरे खाली बारीक अक्षरात द्या, ज्याला हवं तो वाचतो. एका टाकीला मुख्य मजकूर ५० शब्दांच्या आत ठेवायचा असं मी धरून चालते, आणि बहुतेक वेळा ३० शब्द पुरतात. अजून एक, बऱ्याच वेळा आई किंवा बाबा लहान मुलाला फलक मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे मजकूर तोंडाने म्हणून बघा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा.

आता उजेड, कारण ऑफिसच्या कामाची सगळी सवय इथे मोडावी लागते. मत्स्यालयात टाकी उजळ आणि लोकांची बाजू अंधारी ठेवतात, नाहीतर टाकीच्या पुढच्या पारदर्शक प्लास्टिकवर, म्हणजे ॲक्रिलिकवर, लोकांचे चेहरे आणि मागच्या भिंती दिसायला लागतात. तुम्ही तिथे पांढराशुभ्र बॅकलिट (मागून दिवा असलेला) फलक लावलात की तो समोरच्या टाकीत जसाच्या तसा उमटतो आणि माशाच्या अंगावर तुमची अक्षरं तरंगतात. म्हणून गडद पार्श्वभूमी, त्यावर फिकट अक्षरं, लॅमिनेशन मॅट, आणि फलकावर वरून एक छोटा झाकलेला दिवा, ज्याचा उजेड टाकीकडे सांडणार नाही. निशाचर प्राण्यांच्या दालनात तर दिव्याचा कोन आणि चालू-बंद व्हायची वेळ प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवूच नका, तिथे दिवस-रात्र उलटी फिरवलेली असते आणि तुमच्या एका पॅनलच्या उजेडाने ती बिघडू शकते.

रंगांचं तर विचारूच नका. जेलीफिशच्या दालनात बहुतेक ठिकाणी निळा एलईडी असतो. त्या उजेडात लाल रंगाला परत फेकायला काही मिळतच नाही, त्यामुळे तुमचं सुंदर लाल शीर्षक तिथे काळं दिसतं, आणि गंमत म्हणजे पिवळं पण मळकट होतं कारण पिवळी शाई निळा उजेड शोषून घेते. स्क्रीनवर आणि प्रेसच्या पांढऱ्या दिव्याखाली प्रूफ (छपाईचा नमुना) पास करून काही उपयोग नाही, प्रूफ त्याच दालनात, तेच दिवे लावून बघायचं. कॉन्ट्रास्ट रंगाच्या भरवशावर कधी ठेवू नका, उजळ आणि गडद यातला फरक एवढा ठेवा की फाइल ग्रेस्केल केली तरी सगळं वाचता यायला हवं. रंगांधळेपणा असलेल्या लोकांची सोय पण त्यातच होऊन जाते. 'विषारी' किंवा 'धोक्यात' असं काही फक्त लाल ठिपक्याने सांगायचं नाही, सोबत आकार किंवा शब्द पाहिजेच.

अक्षरांचा आकार. ढोबळ हिशोब असा की ३ मीटरवरून आरामात वाचायचं तर अक्षराची उंची साधारण २५ मिलिमीटर धरायची. पण हा हिशोब रोमन कॅपिटल अक्षरांवरून आलाय. देवनागरीत मात्रा, रफार, उकार धरून उंची मोजलीत तर मूळ अक्षर फारच बारीक राहतं, म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं माप धरा, आणि दोन ओळींत अंतर भरपूर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आपटतो. काळ्यावर पांढरं छापताना शाई बारीक रेषा खाऊन टाकते, त्यामुळे अगदी लाइट वजनाचा, म्हणजे बारीक रेषांचा, फॉन्ट घेऊ नका. जाड-बारीक रेषांचा फार फरक असलेले फॉन्टही टाळा, जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स यांची मधली वजनं मला बरी वाटतात. फलकावर दोन लिप्या असतील तर दोन्हीला सारखा पॉइंट साइझ देऊन मोकळे होऊ नका, डोळ्याला सारख्या दिसतील अशा जुळवून घ्या.

आणि गर्दी! रिकाम्या हॉलमध्ये सगळेच फलक छान दिसतात. सुट्टीच्या दिवशी टाकीसमोर माणसांच्या तीन-चार रांगा असतात आणि कठड्यावरचा तिरका फलक फक्त पहिल्या रांगेला दिसतो, तोही मुलांनी त्यावर कोपरं टेकवलेली नसतील तर. म्हणून मी माहिती दोन ठिकाणी वाटून देते. टाकीचं नाव आणि एक मोठी ओळ डोक्यांच्या वर, साधारण २ मीटरच्या पुढे, जी मागच्या माणसाला दिसते, आणि ओळख-चित्रं, तपशील कठड्यावर, थोडे उतरते, जेणेकरून व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि मुलांना वाचता येतील. व्हीलचेअरवर बसलेल्या मोठ्या माणसाची नजर जमिनीपासून १.२ मीटरच्या आसपास असते, उभ्या माणसाची दीड मीटरच्या पुढे, हे दोन्ही आकडे भिंतीवर टेपने आखूनच फलकाची जागा ठरवा. ब्रेल आणि हाताला लागेल असं माशाचं उठावाचं चित्र सुरुवातीपासून बजेटमध्ये धरा, मागाहून चिकटवलेलं ते चिकटवलेलंच दिसतं.

ओळख-चित्रांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एकाच टाकीत वीस जाती असतात, माणूस एका माशाकडे बोट दाखवून विचारतो 'हा कुठला' आणि त्याला काही सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर तो पुढे जातो. इथे फोटोपेक्षा हाताने काढलेलं चित्र मला जास्त उपयोगी वाटतं, बाजूने, पर पसरलेले, सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून, म्हणजे तुलना करता येते. एम्परर एंजेलफिश बघा. मोठा झालेला मासा निळा, अंगावर पिवळे आडवे पट्टे, डोळ्यांवरून काळी पट्टी. त्याचंच पिल्लू गडद निळं-काळं आणि अंगावर पांढरी गोल वर्तुळं. नवख्या माणसाला या दोन वेगळ्या जातीच वाटतात. टाकीत पिल्लू असेल आणि फलकावर फक्त मोठ्याचं चित्र असेल तर बघणाऱ्याला ते सापडणारच नाही. म्हणून चित्र काढायच्या आधी टाकीत आत्ता कुठल्या वयाचे, नर की मादी, काय काय आहे ते विचारून घ्या, दोन्ही रूपं असतील तर दोन्ही काढा.

'प्रत्यक्ष आकार' असं लिहून सावलीचित्र छापायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो (पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे), त्यामुळे सपाट पॅनलमधून बघताना मासा खरा आहे त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखा वाटतो, म्हणजे मोठा दिसतो. तुमचं चित्र अगदी मोजून बरोबर काढलेलं असलं तरी बघणाऱ्याला ते लहान वाटणार. एक तर हे कारण तिथेच लिहा, मुलांना ते फार आवडतं, नाहीतर माशाऐवजी हाताच्या पंजाशी तुलना दाखवा.

टाकीतले प्राणी बदलत राहतात हे ऑफिसच्या पाट्यांत कधी येत नाही. मासा आजारी पडतो, दुसरीकडे हलवतात, मरतो. फलकावर नाव आहे आणि टाकीत मासा नाही, मग मुलं अर्धा तास शोधत बसतात, हे मी एका ठिकाणी प्रत्यक्ष बघितलंय आणि मला तेव्हा फार वाईट वाटलं. म्हणून प्रत्येक जातीची वेगळी सरकपट्टी करा, जी तिथला कर्मचारी एका किल्लीने काढू-घालू शकेल, आणि पट्टी काढल्यावर जागा बोडकी दिसणार नाही असा लेआउट ठेवा. टाकी रिकामी असेल तेव्हासाठी पण एक फलक आधीच तयार ठेवा, 'इथले प्राणी सध्या तपासणीत आहेत' असं साधं खरं कारण लिहिलेलं. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमधला (धोक्यातल्या जातींच्या यादीतला) दर्जा तर कायम वेगळ्याच पट्टीवर हवा कारण तो बदलतो, व्हेल शार्कला २०१६मध्ये 'असुरक्षित'वरून 'धोक्यात'मध्ये टाकलं गेलं, तेव्हा ज्यांनी दर्जा मुख्य पॅनलवरच छापला होता त्यांना अख्खं पॅनल बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मटेरियलबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, सुकतात, मीठ फटीत साठतं. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगतं, साधं स्टील गंजतं, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर पण डाग पडतात, ३१६ ग्रेडचं घ्या. छपाई आत दाबलेलं हाय प्रेशर लॅमिनेट मला टच पूलजवळ (जिथे लोक प्राण्यांना हात लावू शकतात ती उथळ टाकी) सगळ्यात टिकाऊ वाटतं. उघड्या टाकीच्या वर पितळ किंवा तांब्याची अक्षरं, स्क्रू, काहीही लावू नका, दिसायला कितीही छान असलं तरी. तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी, प्रवाळ, समुद्रफुलं यांच्यासारख्या अपृष्ठवंशी जिवांना ते विष आहे. आणि टाकीच्या ॲक्रिलिकवर थेट विनाइल चिकटवायचं असेल तर आधी पॅनल बनवणाऱ्याची लेखी परवानगी घ्या, कारण स्टिकरचा गोंद काढायला कुणीतरी अल्कोहोल किंवा अमोनियावालं क्लीनर वापरतं आणि ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकमध्ये बारीक बारीक तडे जातात. पाणी पेलणारी भिंत आहे ती.

'काचेवर टकटक करू नका' ही पाटी सगळीकडे असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. नुसती मनाई लिहू नका, कारण द्या आणि त्याऐवजी काय करायचं ते सांगा. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल आणि दाब ओळखणारी एक रेषा असते, टकटक थेट तिथे पोचते. गार्डन ईलच्या (वाळूत बिळं करून राहणाऱ्या सापासारख्या माशांच्या) टाकीवर 'एक मिनिट न हलता उभे राहा, ईल वाळूतून वर येतात' असं लिहिलं की मुलं खरंच पुतळ्यासारखी उभी राहतात. २०२०मध्ये टोकियोचं सुमिदा मत्स्यालय बंद होतं तेव्हा तिथल्या गार्डन ईलना माणसांची सवय राहिली नाही, कर्मचारी जवळून गेले तरी त्या वाळूत दडायला लागल्या, शेवटी मत्स्यालयाने लोकांना व्हिडिओ कॉल करून त्यांना चेहरे दाखवायला सांगितलं. अशी गोष्ट फलकावर असली की टाकीतला जीव पण आपल्याकडे बघतोय हे माणसाला कळतं, मनाईची गरजच कमी होते.

दिशादर्शक पाट्यांचं काम तुम्हाला येतंच, फक्त दोन गोष्टी. उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं नीट दिसत नाही, डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून प्रवेशाजवळच्या पाट्या मोठ्या, उजळ आणि कमी शब्दांच्या ठेवा, लांब मजकूर तिथे नकोच. आणि आपत्कालीन मार्गाच्या हिरव्या पाट्या दालनाचा मूड बिघडवतात म्हणून त्या झाका किंवा मंद करा असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

छपाईला टाकण्याआधी सगळे फलक साध्या कागदावर खऱ्या आकारात काढा, जागेवर टेपने लावा आणि गर्दीच्या दिवशी बाजूला उभं राहून लोकांच्या माना बघा. कुठे थांबतात, काय मोठ्याने वाचतात, वाचून परत टाकीकडे बघतात का. क्लायंट घाई करेल, तरी यासाठी वेळ मागूनच घ्या. पहिल्या मीटिंगमध्येच प्रत्येक टाकीच्या दिव्यांचं वेळापत्रक, प्राण्यांची सध्याची यादी आणि साफसफाईला वापरतात त्या केमिकलची नावं पण मागा. ही माहिती मिळाली की इथे टाका, आणि टाक्या सपाट आहेत की वक्र तेही लिहा, म्हणजे अक्षरांची मापं आणि फलकांची उंची याबद्दल अजून नेमकं सांगता येईल.