सिंधमधून आलेल्या जळगावच्या कुटुंबाला अजून नागरिकत्व का नाही, आणि अर्ज नेमका कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा की शेजारचं हिंदू सिंधी कुटुंब 2012 मध्ये जळगावला आलं, दोन्ही मुलं इथेच जन्मली, मग 1947 च्या लोकांना जे मिळालं ते यांना का नाही?

सगळा खेळ तारखांचा आहे. अखंड भारतात मूळ असलेले जे 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथेच राहिले, त्यांना राज्यघटनेने थेट नागरिक मानलं. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर आलेल्यांना 1955 च्या नागरिकत्व कायद्याखाली अर्ज करावे लागले. 2003 च्या दुरुस्तीनंतर तर व्हिसा संपलेला माणूस ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरून अर्जालाच मुकला.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का बघा. तो 31 डिसेंबर 2014 पर्यंतचा असेल तर याच कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने (सीएए) आलेलं कलम 6ब लागू होतं, व्हिसा संपलेला असला तरी. (ही सवलत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहाच धर्मांच्या लोकांना आहे, मुस्लिम त्यात नाहीत. मला हे खटकतं, पण कायदा तसा आहे.) केंद्र सरकारच्या 2025 च्या आदेशातली 31 डिसेंबर 2024 ही तारीख यात मिसळू नका. तिने कागदपत्रांविना राहिल्याची कारवाई टळते, नागरिकत्व मिळत नाही.

अर्ज ऑनलाइन आहे. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: त्या देशाचं नागरिकत्व, प्रवेशाची तारीख आणि धर्म. पहिलीसाठी पासपोर्ट नसेल तर तिथला शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, आजोबांचं ओळखपत्रही चालतं. मुदत संपलेली कागदपत्रं बाद होत नाहीत. धर्मासाठी स्थानिक मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र लागतं, इथे सिंधी समाजाच्या पंचायतीकडे चौकशी करा. चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. पुढे टपाल अधीक्षकांच्या जिल्हा समितीसमोर मूळ कागद घेऊन स्वतः जायचं आणि शपथ घ्यायची. निर्णय जनगणना संचालकांच्या समितीकडे होतो. बोलावूनही गैरहजर राहिलात तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अडतं ते नावांत. पाकिस्तानी पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कुठे आडनावच नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. उर्दू-सिंधी कागदांचं भाषांतरही.

मुलांचा जन्मदाखला जळगाव महापालिकेचा असला तरी 3 डिसेंबर 2004 पासून तेवढ्यावर नागरिकत्व मिळत नाही. आधी आईवडिलांचं होऊ द्या, मग कलम 5(1)(ड) खाली अल्पवयीन मुलांची नोंदणी करा.

2014 नंतर कोणी नातेवाईक आले असतील तर कलम 6ब विसरा. त्यांचे आई किंवा वडील फाळणीपूर्वी सक्कर-शिकारपूरकडे जन्मले असतील, तर ते मूळ भारतीय वंशाचे ठरतात आणि सात वर्षं वास्तव्यानंतर कलम 5(1)(अ) ने अर्ज करू शकतात. पण दीर्घकालीन व्हिसात एक दिवसाचाही खंड नको, नूतनीकरणाची तारीख पाळाच.

आणि नागरिकत्व हाती येईपर्यंत मतदार नोंदणीचा नमुना 6 कोणी भरून देतो म्हटलं तरी भरू नका. त्यात आपण नागरिक असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे.