सागवानाचा सांधा उकलला आणि वार्निश सुकेना

तुमची तक्रार थोडक्यात अशी: सागवानाच्या चार फळ्या पांढऱ्या डिंकाने जोडून टेबलाचा वरचा भाग केला, दोन महिन्यांत मधला जोड उकलला, वर मारलेलं ऑइल वार्निश पाचव्या दिवशीही बोटाला चिकटतंय, आणि हे बघून कुणीतरी सांगितलं की लाकूड कच्चं आहे, तुम्हाला फसवलं. मला तरी तसं वाटत नाही. या दोन्ही खोड्या अस्सल सागवानाच्याच आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच, त्याच्या अंगातलं तेल.

तेल हा आपण सोयीने वापरतो तो शब्द. प्रत्यक्षात गाभ्याच्या लाकडात रबरासारखा एक पदार्थ असतो, राळेसारखी द्रव्यं असतात, आणि टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन, जे वाळवीला अजिबात मानवत नाही. रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवला की मेण लावल्यासारखं लागतं आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो, तो याच मालाचा. पाणी आत शिरत नाही तेही यामुळेच. शिवाय ओक हे परदेशी लाकूड लोखंडी खिळे खातं, तसं हे खात नाही. जहाजं बांधणाऱ्यांना आणखी काय हवं? मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय.

पण जे पाण्याला आत येऊ देत नाही ते डिंकाला तरी कसं येऊ देईल? उकललेल्या जोडाची कड उजेडात धरून बघा. डिंकाच्या पापुद्र्यावर लाकडाचे तंतू उपटून आलेले असतील तर डिंकाने आपलं काम केलंय आणि दोष लाकडाच्या हालचालीचा, म्हणजे ओलाव्याने फुगण्या-आकसण्याचा आहे. पापुद्रा एका बाजूला काचेसारखा गुळगुळीत आणि समोरची कड कोरी असेल तर डिंक लाकडाला धरलाच नव्हता. तुमचं दुसरं असणार, पैज लावतो. मी स्वतः पहिल्यांदा हेच केलं होतं. कडा रंधून ठेवल्या, मग आठवडाभर दुसऱ्या कामात अडकलो आणि नंतर तशाच चिकटवल्या. तेवढ्या काळात आतलं तेल पृष्ठभागावर येऊन बसतं.

उपाय सोपा आहे. जुना डिंक रंध्याने पूर्ण काढा. धारदार रंध्याचा शेवटचा पातळ हात डिंक लावायच्या अगदी आधी मारा. कोऱ्या पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायला वापरतात ते अ‍ॅसिटोन घेऊन कडा पुसा. फडकं पिवळट-तपकिरी होतं, ते बघितलं की शंका उरत नाही. अ‍ॅसिटोन उडून गेलं की लगेच डिंक लावा, 'चहा घेऊन येतो' नको. घरातल्या टेबलाला पांढरा डिंक चालतो, उघड्यावरच्या कामाला मी इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा डिंक, वापरतो. इपॉक्सी लावल्यावर फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प फार आवळू नका, सगळा माल बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

हालचालीची भीती सागवानात कमीच. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने ते साधारण २.५ टक्के आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ५ ते ६ टक्के आकसतं. पांढऱ्या ओकचे आकडे जवळपास दुप्पट आहेत. तरी टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला डिंकाने जखडू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवा.

आता वार्निश. ऑइल वार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि सागवानातली काही द्रव्यं नेमकी तीच क्रिया अडवतात. पाच दिवस काय, पंधरा दिवस थांबलात तरी चिकटच राहील. आहे ते खरवडून काढा, अ‍ॅसिटोनने पुसा, मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात मारा आणि तो वाळला की वर वार्निश. बाटलीवर 'टीक ऑइल' लिहिलेलं असतं ते सागवानातून काढलेलं नसतं. बहुतेकदा जवसाचं किंवा तुंगचं तेल, थोडं वार्निश आणि थिनर असंच मिश्रण असतं. वापरा, वाईट नाही, पण त्याची भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

'कच्चं' या आरोपात एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे. फळ्यांच्या कडेला पांढुरका पट्टा आहे का? तो सालीजवळचा भाग, त्यात ही द्रव्यं नसतात आणि वाळवी तिथूनच सुरुवात करते. लागवडीच्या कोवळ्या झाडात असा भाग जास्त निघतो आणि गाभाही जुन्या झाडाइतका टिकाऊ नसतो. वेगाने वाढलं म्हणून ताकद कमी, असं मात्र सरसकट समजू नका. हिरवट झाक आणि काळे पट्टे दिसले तर घाबरू नका. काही दिवस उजेडात ठेवलं की सोनेरी तपकिरी रंग येतो. त्या दिवसांत फळीवर पुस्तक विसरू नका, त्याचा वेगळ्या रंगाचा चौकोन उमटतो.

पटाशीची धार लवकर जाते म्हणालात. लाकूड फार कठीण नाही, वाळल्यावर घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच की. करवतीचं पातं कार्बाइड दातांचं घ्या, हातहत्यारांना वरचेवर धार लावा आणि मास्क लावल्याशिवाय घासकाम करू नका. सागवानाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते. माझ्या मनगटांवर अजूनही पुरळ येतं.

उरलेल्या तुकड्यांतून हातोडीचा दांडा करू म्हणताय, तो बेत सोडा. सागवान ठोके सोसत नाही, दांडा तडकतो. ट्रे करा, नाहीतर पेट्या.