वाचकांचे प्रश्न : एचडी रेकॉर्डिंगची डीव्हीडी कशी करावी?

प्रश्न : आमच्याकडे दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेचा एचडी सेट-टॉप बॉक्स आहे. त्याला पेन ड्राइव्ह लावून शास्त्रीय संगीताच्या काही मैफली रेकॉर्ड केल्या. वडिलांना त्या त्यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर पाहायच्या आहेत. बर्डीवरच्या एका दुकानातून डीव्हीडी करून आणली, ती प्लेअरने घेतलीच नाही. मग घरीच एका मोफत सॉफ्टवेअरने केली. ती चालते, पण तबलावादकाची बोटे दुहेरी दिसतात आणि चित्र थरथरते. काय चुकते आहे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. दुकानात बहुधा पेन ड्राइव्हवरची फाइल जशीच्या तशी डिस्कवर लिहून दिली असावी. एचडी वाहिन्यांचे चित्र साधारणपणे एच.264 या पद्धतीने दाबलेले, म्हणजे कमी जागेत बसवलेले असते, आणि जुन्या प्लेअरला मात्र डीव्हीडीच्या ठरलेल्या साच्यातले, म्हणजे 720 बाय 576 आकाराचे, सेकंदाला 25 फ्रेमचे (स्थिर चित्रांचे), एमपेग-2 या जुन्या पद्धतीने दाबलेले चित्रच कळते. त्यामुळे रूपांतराला पर्याय नाही. या कामासाठी पुष्कळजण हँडब्रेक वापरायला जातात. ते उत्तम मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, पण ते डीव्हीडी तयार करत नाही. त्यातून निघालेल्या एमपी4 फाइलची पुन्हा डीव्हीडी केली, तर चित्र दोनदा दाबले जाते आणि दोन्ही वेळा त्यातला तपशील कमी होतो. रूपांतर एकदाच आणि मूळ फाइलवरूनच करावे.

थरथरण्याचे कारण अधिक खोलात आहे, आणि घरी केलेल्या बहुतेक डीव्हीडी इथेच बिघडतात. आपल्याकडील एचडी प्रक्षेपण सहसा 1080 आडव्या ओळींचे आणि इंटरलेस्ड असते. म्हणजे एका फ्रेममधील एकाआड एक ओळी एका क्षणाच्या असतात आणि त्यांच्या मधल्या ओळी एक पन्नासांश सेकंदानंतरच्या. संगणकावर मैफल थांबवून पाहिलीत, तर तबल्यावरच्या बोटांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतील. तो दोष नाही; दोन क्षण एकाच फ्रेममध्ये बसवल्याची ती खूण आहे. अशी फ्रेम सरळ 576 ओळींत आवळली, की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग बोटे दुहेरी दिसतात. गायक स्थिर बसलेला असताना हे जाणवत नाही, द्रुत लयीत मात्र लगेच उघडे पडते.

उपाय एफएफएमपेग या मुक्तस्रोत साधनात आहे. प्रथम त्यातील 'यॅडिफ' किंवा 'बीडब्ल्यूडिफ' फिल्टरने सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम वेगळ्या कराव्यात, त्यानंतर त्या 720 बाय 576 मध्ये लहान कराव्यात, आणि शेवटी 'इंटरलेस' फिल्टरने पुन्हा 25 इंटरलेस्ड फ्रेममध्ये गुंफाव्यात. वरची ओळ आधी, हा क्रम पाळावा. तो उलटला तर हालचाल पुढे-मागे हिसके देत होते. एमपेग-2 एन्कोडरलाही (चित्र दाबणाऱ्या भागालाही) चित्र इंटरलेस्ड असल्याचे सांगावे लागते. हे सारे टाळून सेकंदाला सरळ 25 फ्रेम करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. थरथर त्याने जाते हे खरे; पण हालचालीचा निम्मा तपशीलही जातो, म्हणून संगीताच्या मैफलीसाठी तो सल्ला मला मान्य नाही.

रंगांकडेही लक्ष द्यावे. एचडी चित्रात रंगांचे गणित बीटी.709 या मानकाने होते, डीव्हीडीत बीटी.601 ने. लहान करतानाच हा बदल सांगितला नाही, तर लाल-हिरव्या छटा किंचित सरकतात. चित्राचे प्रमाण 16:9 ठेवावे आणि काळ्या पट्ट्या घालू नयेत. बाकीचा साचा, म्हणजे 48 किलोहर्ट्झचा, एसी-3 पद्धतीचा ध्वनी वगैरे, एफएफएमपेगमधील 'पॅल-डीव्हीडी' हे तयार लक्ष्य (ठरावीक सेटिंगचा संच) आपोआप लावते.

तयार फाइल डीव्हीडीस्टाइलर या डीव्हीडी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालताना ती पुन्हा एन्कोड न करता तशीच घेण्याचा पर्याय निवडावा, आधी आयएसओ प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, काढून ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तपासावी आणि मगच डिस्क लिहावी. मूळ फाइल मात्र पुसू नये. एचडी चित्रातले पिक्सेल डीव्हीडीच्या बरोबर पाचपट असतात; एकदा गेले की ते परत मिळत नाहीत.

प्रश्न : पावणेतीन तासांचे दोन अंकी नाटक एका डीव्हीडीवर बसवले, तर चित्र चौकोनी ठोकळ्यांचे झाले. शिवाय दुसऱ्या अंकात ओठ आणि आवाज जुळत नाहीत.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : 4.7 जीबीच्या डिस्कवर सुमारे 3 कोटी 76 लाख किलोबिट मावतात. पावणेतीन तासांत, म्हणजे 9,900 सेकंदांत ते वाटले, तर सेकंदाला सुमारे 3,800 किलोबिट मिळतात, आणि त्यातूनच आवाजाचाही वाटा द्यावा लागतो. इंटरलेस्ड चित्राला हे अपुरे आहे. नाटकाला मध्यंतर असतेच. तिथे कापून दोन अंकांच्या दोन डिस्क केल्या, तर चित्राला सेकंदाला 6,000 ते 7,000 किलोबिट सहज देता येतात. कमाल दर 8,000 च्या वर नेऊ नये, कारण घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तेथे अडखळू लागतात.

आवाजाबाबत, रेकॉर्डिंग पावसाळ्यातले आहे का ते आठवून पाहावे. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल तुटतो, चित्राचे व आवाजाचे काही तुकडे गळतात, आणि रूपांतरात दोघांची उणीव सारखी धरली गेली नाही, तर तेथून पुढे आवाज सरकतो. एफएफएमपेगमध्ये 'एरीसॅम्पल' फिल्टरचा 'असिंक' पर्याय लावला, तर आवाजातील पोकळी शांततेने भरली जाते आणि मेळ टिकतो. तुटलेली जागा एकच असेल, तर अ‍ॅव्हिडेमक्स या व्हिडिओ कापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा भाग कापून टाकणे त्याहून सोपे.

प्रश्न : सशुल्क डीटीएच बॉक्समधले रेकॉर्डिंग संगणकावर उघडतच नाही. काय करावे?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : ते सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असते आणि सहसा त्याच बॉक्सवर चालते. कॉपीराइट कायद्यात 2012 साली घातलेल्या 65 अ कलमाने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडण्याला मनाई केली आहे, म्हणून त्याची रीत या स्तंभात देता येणार नाही. तोच कार्यक्रम मोफत वाहिनीवर लागत असेल, तर तेथून तो स्वतःपुरता रेकॉर्ड करावा.

डिस्क करणाऱ्या सर्वांसाठी आणखी एक सूचना. लिहिता येण्याजोग्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उष्णता व उन्हाने खराब होतो. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उभ्या गाडीत डिस्क मुळीच ठेवू नयेत. घरातल्या थंड खोलीतील कपाटात, डबीत घालून उभ्या ठेवाव्यात.