अल्कोहोल लागल्यावर मास्कमधला मेल्टब्लोन फिल्टर (वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने ओढून केलेल्या धाग्यांचा) कमजोर होतो, तसा नॅनोफायबरचाही होतो का?

सहसा नाही. मेल्टब्लोनचे पॉलिप्रॉपिलीन धागे साधारण 1 ते 5 मायक्रॉन जाड असतात. बारीक कण पकडायला त्यांना स्थिर विद्युतभाराची मदत लागते आणि अल्कोहोलने तो भारच उतरतो. इलेक्ट्रोस्पिनिंगचे, म्हणजे विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून ओढलेले नॅनोफायबर धागे मात्र काहीशे नॅनोमीटरचेच. त्यांची जाळी इतकी दाट की 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, सगळ्यांत चकवा देणारे कणही भाराशिवाय धाग्यांवर अडकतात. (हवा अशा बारीक धाग्यांवरून थोडी घसरते, म्हणून एवढ्या दाट जाळीतही श्वास कोंडत नाही.) फक्त नॅनोफायबरचा पडदा कुठल्या पॉलिमरचा (प्लास्टिकचा) आहे ते आधी बघा: पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनायलिडीन फ्लोराइड) तगतो, पॉलिव्हिनाइल ब्युटिरल अल्कोहोलमध्ये चक्क विरघळतं. आणि चोळून तर कुठलाच धुऊ नका, थर फाटतो.