कॅमेरा लावला, तरी मावशी का टिकत नाहीत?

मुलं परदेशी असलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो : "आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवली, कॅमेरा लावला, औषधांचं ॲप घेतलं, तरी बायका दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. अजून काय करायचं?" ओळख पटू नये एवढे तपशील बदलून कोथरूडमधल्या एका घराचं सांगते.

आजींनी ऐंशी ओलांडलेली, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. मुलगी न्यू जर्सीत. घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या या तिसऱ्या मावशी, लातूरकडच्या. त्या दुपारी झोपतात आणि संध्याकाळी आईवर आवाज चढवतात, अशी मुलीची तक्रार होती. दोन्ही गोष्टी तिने रेकॉर्डिंगमध्ये पाहिल्या होत्या. मी घरी गेले, मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि मावशींना विचारलं, रात्री किती वेळा उठावं लागतं?

"मोजायचं सोडलंय, ताई. आजी उठून दाराकडं जातात. माझा डोळा लागला अन् त्या जिन्यात गेल्या तर?"

मुलीला हे ठाऊकच नव्हतं. पुण्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार. ती कामात असते. सकाळी उठून ती पुण्यातली दुपार बघायची आणि तिला दिसायची ती नेमकी मावशींची झोप. ती झोप आळसाची नव्हती, रात्रीची राहिलेली होती.

म्हणून पहिला खर्च दारावर केला. दार उघडताच वाजणारा साधा अलार्म बसवला आणि बाथरूमच्या वाटेवर हालचालीनं लागणारा दिवा. कॅमेरा मावशींच्या अंथरुणावरून हलवून हॉल आणि दाराकडे वळवला. तो कुठे आहे आणि कोण बघतं, हे त्यांना नीट सांगितलं. माझं याबाबत मत ठाम आहे : जिथे बाई झोपते, कपडे बदलते, तिथे कॅमेरा नको.

संध्याकाळचं दुखणं वेगळं होतं. दिवस कलला की आजी पिशवी भरायला घेत, "मला घरी जायचंय." डिमेन्शियात अनेकांची संध्याकाळी अशी घालमेल होते. अशा वेळी "हेच तुमचं घर" म्हणून वाद घातला की माणूस आणखी बिथरतं. दिवे लवकर लावावेत, मन दुसरीकडे वळवावं. पुण्यातले सहा म्हणजे मुलीचे सकाळचे साडेआठ, ऑफिसच्या आधीची मोकळी वेळ. तेव्हा टॅबलेटवर ती आईशी बोलते, जुने फोटो दाखवते. तो अर्धा तास मावशींचा. त्या चहा घेतात, घरच्या वाय-फायवर गावाकडच्या लेकीशी बोलतात. या कॉलवर "गोळी दिली का?" हा प्रश्न विचारायचा नाही, असं मी मुलीकडून कबूल करून घेतलं.

गोळ्यांचं ॲप इंग्रजीत होतं. ते काढून टाकलं. आता प्रत्येक स्ट्रिपचा फोटो आणि त्यासोबत मुलीच्या आवाजात "ही नाश्त्यानंतर" असा मराठी निरोप. रात्री मावशींची व्हॉइस नोट : आजी काय जेवल्या, पोट साफ झालं का, कुठे धडपडल्या का.

आठवड्याच्या सुट्टीला मात्र कुठलंही ॲप पर्याय नाही. रविवारी सिंहगड रोडवरचा भाचा येऊन बसतो, ते ठरवायला बरीच समजूत घालावी लागली.

मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं दिसलं तर मात्र समजूत काढत बसू नका. आधी आई-वडिलांना सुरक्षित करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मदत करते. आणि सांभाळणारीचंच मन थकलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तिलाही द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

मध्यंतरी मावशींनी स्वतःहून व्हॉइस नोट पाठवली, "आज मी आजींवर ओरडले. दोन रात्री झोप नाही." मुलीनं ब्युरोला फोन करून त्या रात्रीपुरती बदली बाई बोलावली.