पानगळ बघायला निघायचं कधी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात काश्मीरच्या चिनार झाडाच्या पानगळीवर चार ओळी लिहिल्या आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तसाच प्रश्न बऱ्याच जणांचा होता.

प्रश्न : दादा, आम्ही जळगावचे. मी, मिस्टर, दोन मुलं (पाचवी आणि आठवी) आणि सासूबाई, वय ६८. यंदा दिवाळीत आपलीच गाडी घेऊन काश्मीरला जायचं आणि लाल चिनार बघायचे असं खूप मनात आहे. भाऊबीज झाली की निघू, दहा दिवस आहेत. गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, वैष्णोदेवी आणि जमलं तर येताना अमृतसर. गाडी डिझेल, नऊ वर्षं झाली. रूट सांगा.

उत्तर : ताई, रूट सांगतो, पण आधी तारीख बघू, कारण तारीख हुकली तर बाकी सगळं जमूनही हाताला काही लागत नाही. चिनार ऑक्टोबरच्या मध्याला कडेकडेने पिवळा पडायला लागतो, महिनाअखेरीला रंग भरतो, नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे ऐन भर, आणि दुसरा आठवडा सरत आला की पानं खाली यायला लागतात. थंडी लवकर-उशिरा पडते तसं चार-आठ दिवस मागेपुढे होतं. आता २०२६ ची दिवाळी उशिरा आलीये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला. त्यानंतर गाडीने निघालात तर श्रीनगर गाठायला १४-१५ तारीख उजाडणार, म्हणजे रंगाचं शेपूट मिळालं तर मिळालं.

मी स्वतः हे भोगलंय. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो, पोचलो तेव्हा नोव्हेंबरची २० तारीख होती. सगळा रस्ता मी तिला लाल झाडं कशी असतात ते सांगत होतो, आणि निशात बागेत गेलो तर फांद्या उघड्या आणि पानांचे ढीग झाडून कोपऱ्याला लावलेले. आई बाकावर बसली, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाली, छान आहे रे. ती माझ्यासाठी म्हणत होती हे मला कळत होतं. नंतर तिला परत न्यायचं जमलं नाही. म्हणून सासूबाईंचं वाचलं आणि हे इतकं लांबण लावून सांगतोय.

माझं स्पष्ट मत, दिवाळीच्या आधी जा. २५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असं काहीतरी धरा, मुलांची सहामाही परीक्षा कधी संपते ते शाळेत आत्ताच विचारा, आणि फराळाचं दोन दिवस उशिरा झालं तरी चालेल. शाळेचं जमतच नसेल तर यंदा काश्मीर सोडा आणि खाली शेवटचा प्रश्न वाचा.

आता गाडीचं. जळगाव ते श्रीनगर एका बाजूने अठराशे-एकोणीसशे किलोमीटर होतात. म्हातारं माणूस आणि मुलं घेऊन चार दिवस जायला, चार यायला, मग दहातले उरले किती? मला स्वतःला लांबचं ड्रायव्हिंग जीव की प्राण आहे, तरी सांगतो की गाडी घरी ठेवा. झेलम एक्स्प्रेस जळगावलाही थांबते आणि भुसावळलाही, थेट जम्मूतावीला नेऊन सोडते. तिथून टॅक्सी करा, नाहीतर कटऱ्याला जाऊन श्रीनगरची रेल्वे पकडा, ती जून २०२५ पासून सुरू झालीये आणि चिनाब नदीच्या वर ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून जाते, तुमच्या आठवीवाल्याला ते चिनारापेक्षा जास्त आवडेल. वैष्णोदेवीही कटऱ्यालाच आहे, तेव्हा तेही जमतं. डोंगरातला रस्ता खोऱ्यात गेल्यावर करा, लोकल गाडी आणि लोकल ड्रायव्हर घेऊन, म्हणजे तुमचे मिस्टरसुद्धा खिडकीतून बाहेर बघतील.

तरीही गाडीच न्यायची असेल तर धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, मग ग्वाल्हेर-आग्र्यावरून पलवल. दिल्लीत शिरू नका. त्या दिवसांत तिथली हवा बिघडली की बीएस-फोर, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या, डिझेल गाड्यांवर बंदी येते आणि नऊ वर्षांची तुमची गाडी त्यातच येणार. पलवलहून कुंडली-मानेसर-पलवल एक्स्प्रेसवे धरून बाहेरच्या बाहेर सोनिपतकडे निघायचं, पुढे अंबाला, लुधियाना, जालंधर, पठाणकोट, जम्मू. पंजाब-हरियाणात तेव्हा पहाटे धुकं आणि धूर दोन्ही असतं, तेव्हा आपली पहाटे चारला निघायची सवय तिथे चालवू नका, ऊन वर आल्यावरच निघा. जम्मू-श्रीनगर रस्ता आता बराच सोपा झालाय, चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ ला झाला आणि बनिहाल-काझीगुंडचा साडेआठचा २०२१ ला, पण मधल्या रामबनच्या पट्ट्यात पाऊस झाला की दरड येते. कधी कधी एकाच बाजूची वाहतूक सोडतात, ट्रॅफिक पोलिसांची सूचना रोज निघते, ती बघूनच जम्मू सोडा आणि एक दिवस हातात ठेवा. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना ठेवायचा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकडेनासे होतात.

ठिकाणंही कमी करा. गुलमर्ग-सोनमर्गला देवदार-फरची हिरवी झाडं, ती पानगळीतही हिरवीच राहतात, चिनारासाठी तिकडे जायचं कारण नाही. श्रीनगरला तीन-चार मुक्काम करा, पहलगामला एक. कुठली ठिकाणं पर्यटकांना उघडी आहेत हे निघायच्या आठवड्यात परत एकदा बघून घ्या. युनिव्हर्सिटीतली नसीम बाग चुकवू नका, हजरतबलच्या बाजूलाच आहे, तिथे बागकाम-कारंजी काही नाही, नुसते चिनार, आणि सासूबाईंना चढउतारही नाही. एका झाडाखाली तासभर बसा. पान आपल्या पंजाएवढं, पाच बोटांसारखं पसरलेलं, मधे शिरेजवळ अजून हिरवं, मग पिवळं, आणि कडा तांब्याच्या भांड्यासारख्या. वारा नसतानाही एखादं सुटतं आणि खाली येताना दोन-तीनदा वळतं, जमिनीवर टेकताना कागदासारखा आवाज होतो. दुपारी तीननंतर ऊन तिरपं झालं की झाड आतून पेटल्यासारखं दिसतं, ती वेळ बाजारात घालवू नका, पावणेसहापर्यंत सूर्य मावळतो. तिथले लोक या ऋतूला हरुद म्हणतात. बायका पानं गोळा करतात, पेटवून वरून पाणी शिंपडतात आणि त्याचा कोळसा हिवाळ्यात कांगडीत घालतात, झग्याखाली धरायची ती शेगडी. म्हणजे आपण फोटो काढतो ती पानं कोणाच्या तरी थंडीची सोय असते, पोती भरून ठेवलेली दिसली तर मुलांना त्यात उड्या मारू देऊ नका.

त्याच दिवसांत पांपोरला केशराची जांभळी फुलं येतात, श्रीनगरहून जवळ आहे, सकाळी लवकर जा, फुलं सकाळीच वेचतात. आणि एक, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, एक तरी फोन पोस्टपेड करून घ्या.

प्रश्न : रावेरहून. आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मनालीला गेलो, पानगळ बघायलाच गेलो होतो, पण सगळा डोंगर हिरवागार. आम्हाला फसवलं का?

उत्तर : नाही भाऊ, कोणी फसवलं नाही. मनालीच्या डोंगरावर जास्त करून देवदार आणि त्याचे भाऊबंद, ते सदाहरित. हिमाचलात रंग बघायचा तर किन्नौरला जा, कल्पा-सांगलाकडे, ऑक्टोबरच्या मध्याला पॉप्लर, विलो पिवळे होतात आणि सफरचंदाच्या बागाही रंग बदलतात. लडाखचे पॉप्लर त्याच्याही आधी, सप्टेंबर संपताना. जितकं उंच तितकं लवकर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. पण तिकडचे घाट बर्फ पडलं की बंद होतात, उशीर करून चालत नाही.

प्रश्न : शिरपूर, बी.एस्सी.ला आहे. तिकडची पानं लाल-केशरी होतात आणि आपल्याकडचा साग नुसता वाळून तपकिरी होऊन पडतो, असं का?

उत्तर : चांगला प्रश्न आहे रे. पानातलं हरितद्रव्य झाड सारखं नवं बनवत असतं. दिवस लहान झाला, गारठा आला की ते बनवणं थांबतं, असलेलं मोडतं, आणि खाली दडलेला पिवळा रंग, कॅरोटिनॉइड, तो दिसायला लागतो. लाल रंग वेगळा, अँथोसायनिनचा, तो बऱ्याच झाडांत तेव्हा नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा पण बर्फ नाही, असे दिवस लागोपाठ मिळाले की तो जास्त खुलतो. देठाशी एक पेशींचा थर तयार होतो आणि पान सुटतं.

आपल्याकडे झाड पान टाकतं ते पाणी वाचवायला. पावसाळा संपला, जमीन वाळत चालली, मे महिन्याचं आपलं ऊन तर तुला सांगायला नको, पानातून पाणी उडून जाण्यापेक्षा पानच नको. त्यात साग तपकिरी होऊन पडतो हे खरं, पण सगळीच झाडं तशी नाहीत. धावडा बघितलाय का कधी जानेवारी-फेब्रुवारीत? तांबूस लाल होतो. आणि आपल्याकडचा खरा लाल रंग पान जाताना नसतो, नवं पान येतं तेव्हा असतो, कोवळ्या पानात तेच अँथोसायनिन. कोशिंब आणि अंजन दोन्ही नीट बघ, अंजन तर आपल्या खान्देशचंच झाड आहे.

प्रश्न : नंदुरबारहून, शिक्षिका आहे. काश्मीर परवडणारं नाही आणि एवढी रजाही नाही. शनिवार-रविवार मिळतो. आपल्या सातपुड्यात असं काही बघायला मिळेल का, की उगीच मनाचं समाधान?

उत्तर : मॅडम, मिळेल, आणि तुम्ही तर दाराशीच राहता. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊन शोधू नका, तेव्हा आपला सातपुडा हिरव्याचा नुकता पिवळा होत असतो. आपली वेळ फाल्गुनाची, फेब्रुवारी संपताना ते होळीपर्यंत.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला जायचं, शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. टाकी शहाद्यालाच फुल करा, वर भरवसा नको. सकाळी सहाला शहादा सोडलं की ऊन चढायच्या आत सातपायरीचा घाट लागतो, आणि तो घाटच बघायचा आहे, वर पोचायची घाई करू नका. साग बहुतेक उघडा झालेला, त्यामुळे डोंगराचा सगळा आकार दिसतो जो पावसाळ्यात दिसतच नाही. त्यात मधेच पळस, पान एक नाही आणि नुसती केशरी फुलं. काटेसावर, पांगारा तसेच. कांडोळाचं झाड पांढऱ्या खोडाचं, लांबून हाडासारखं दिसतं. आणि नाल्याच्या कडेला कोशिंब. हे झाड सापडलं की गाडी बाजूला लावा, मोकळी जागा बघून, वळणावर नाही. झाडाच्या खाली उभं राहून वर बघा, पान इतकं पातळ आणि मऊ असतं की ऊन आरपार येतं, खाली उभ्या माणसाच्या कपड्यांवर तांबूस उजेड पडतो. हात लावला तर नुकतं धुतल्यासारखं गार लागतं. आठ-दहा दिवसांत ते लालाचं पोपटी होतं आणि मग नुसतं हिरवं झाड.

वर साधारण साडेअकराशे मीटर उंची आहे, यशवंत तलाव, सीताखाई बघा, मुक्काम करा, पहाटे चांगला गारठा असतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, त्या दोन दिवसांत गर्दीमुळे झाडं बघणं होत नाही, पुढचा शनिवार धरा. होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, रस्त्यात एखादा लागला तर थांबा, पण कोणाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका, आधी विचारा.

आणि मोहाचं झाड. होळीच्या सुमारास पहाटे फुलं खाली पडायला लागतात, घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन वेचायला येतात, त्यांच्या वर्षभराच्या पैशाची ती वेळ असते. त्या झाडाखाली गाडी लावू नका, फुलं तुडवू नका. सगळं रान तेव्हा वाळलेल्या पानांनी भरलेलं असतं, एक ठिणगी पुरते, म्हणून चूल मांडणं आणि विडी-सिगारेट दोन्ही नको. जेवण घरून न्या, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, दशम्या दोन दिवस टिकतात.

जळगावच्या लोकांना एवढं लांब नको असेल तर रावेरहून पाल आहे, चोपड्याकडून उनपदेव आहे, यावल अभयारण्याचा सगळा पट्टा त्या मधल्या डोंगरात येतो, झाडं तीच.

तारीख मात्र इथेही हलते. एखाद्या वर्षी कोशिंब फेब्रुवारीतच लाल होतो, एखाद्या वर्षी मार्चचा मध्य उजाडतो. त्यासाठी एक करा, घाटाच्या पायथ्याला जिथे चहा प्याल तिथे त्या चहावाल्या दादाचा नंबर मागून घ्या आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी लागला की फोन करून विचारा, नाल्याजवळचं ते झाड लाल झालं का? मी असंच करतो, आणि आता तोच मला आधी फोन करतो.